रोजची एक चूक

“कापलंस का, ते सांग आधी.”

“मी नाही कापलं, ताई. प्रोग्रामनं कापलं.”

“प्रोग्रामला काय हात आहेत?”

“हात नाहीत, कान आहेत. तुमचा आवाज बंद झाला की त्याला वाटतं, आता शिकवणं थांबलं. तेवढा भाग तो उचलतो आणि फेकून देतो. तसं सांगूनच ठेवलेलं असतं त्याला.”

“कुणी सांगून ठेवलं?”

“मी.”

“मग तूच कापलंस! एवढं फिरवून सांगायची काय गरज होती?”

“ओरडू नका. दूध उतू जाईल.”

“दुधाचं मी बघते. तू माझ्या तासाचं बघ.”

भांडण स्वयंपाकघरात चाललं होतं आणि भांडणाऱ्या दोघी जावा होत्या. थोरली शाळेत गणित शिकवते, धाकटी त्याच शाळेत कॉम्प्युटर. दोघा भावांच्या खोल्या वर-खाली, पण चूल एकच. त्यामुळे शाळेतलं भांडण घरी येतं आणि घरचं शाळेत जातं, वाटेत कुठे सांडत नाही. मला हा प्रसंग दोघींनी वेगवेगळा सांगितला. दूध शेवटी उतू गेलं की नाही, एवढ्यावरही त्यांचं एकमत नाही.

थोरलीला सगळी शाळा चुकाबाई म्हणते. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे ‘चुकाबाई’. त्यांना ते पक्कं ठाऊक आहे. मी त्यांच्या वर्गात होते तेव्हाही हेच नाव होतं आणि त्याचं कारणही हेच होतं: बाई रोज फळ्यावर एक चूक करतात. मुद्दाम. तासात एकच, आणि कधी ते सांगत नाहीत. कधी हातचा विसरतात, कधी त्रिकोणाला नको तो कोन देतात. चेहरा मात्र असा ठेवतात की पुढ्यात बसलेल्याला स्वतःचीच शंका यावी.

ज्याच्या लक्षात येईल त्यानं उठायचं, ‘पकडली!’ म्हणून ओरडायचं, बाईंच्या हातातला खडू घ्यायचा आणि फळ्यापाशी जाऊन दुरुस्ती करायची. नुसतं ‘चुकलं’ म्हणून भागत नाही. का चुकलं, ते वर्गाला पटवावं लागतं. आणि तोवर बाई गप्प. हा त्यांचा कडक नियम. कुणी बरोबर असलेलं चुकीचं करून ठेवलं तरी गप्प, दोघांची जुंपली तरी गप्प. हाताची घडी घालून खिडकीला टेकलेल्या. पोरं आपसात भांडून भांडून खऱ्यापाशी पोचली की पुढे यायच्या, खडू परत घ्यायच्या आणि म्हणायच्या, “चला, पुढचं गणित.”

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी घाईघाईत सात आणि पाच तेरा लिहिले होते. अख्ख्या वर्गानं सात आणि पाच तेरा उतरवून घेतले. कुणी हूं की चूं केलं नाही. “मला घामच फुटला,” त्या सांगतात. “हात चालू होते सगळ्यांचे. डोकी घरी ठेवून आले होते.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून चूक केली, आणि ते आजतागायत.

आता अशा खडूवाल्या बाईंना यंत्रांचं वावडं असणार, असं कुणालाही वाटेल. तसं काही नाही. शाळेत टॅब्लेट आले तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी ते कपाटात कुलूप लावून ठेवले, फुटायला नकोत म्हणून. यांनी पहिल्याच दिवशी वर्गात वाटून टाकले. बंद खोका उलगडून सपाट कसा होतो ते बोटानं फिरवून दाखवायच्या आणि पोरांच्या आधी स्वतःच खूश व्हायच्या. काही अडलं की जिन्यात उभं राहून वर हाक, “अगं, हे हिरवं बटण काय म्हणतंय बघ गं!” आणि धाकटी वरून, “काही म्हणत नाहीये, तुम्ही त्याच्यावर अंगठा ठेवून उभ्या आहात!”

म्हणूनच कॅमेऱ्यालाही त्यांनी आढेवेढे न घेता हो म्हटलं. संस्थेची दुसरी शाळा कारखान्यालगतच्या कामगार वसाहतीत आहे. तिथले गणिताचे शिक्षक सोडून गेले आणि नवीन कुणी टिकेना. तेव्हा मुख्याध्यापकांनी तोड काढली. चुकाबाईंचा सातवीचा तास रेकॉर्ड करायचा, धाकटीनं तो काटछाट करून आटोपशीर करायचा आणि वसाहतीतल्या सातवीला पडद्यावर दाखवायचा. वर्गात मागे कॅमेरा, बाईंच्या गळ्याशी बटणाएवढा माईक. वर्षाच्या सुरुवातीपासून हे बिनबोभाट चाललं होतं.

मग सहामाही झाली. ती टॅब्लेटवर होते, निकाल कॉम्प्युटर लावतो आणि प्रत्येक प्रश्नापुढे रंगीत पट्टी काढून दाखवतो, किती बरोबर, किती चूक. वसाहतीच्या सातवीची एक पट्टी वरपासून खालपर्यंत लाल होती. चौरसाची बाजू दुप्पट केली, तर क्षेत्रफळ किती पट होईल? सगळ्यांचं उत्तर: दुप्पट.

चार पोरं चुकली तर ती पोरं चुकली. सगळी एकसारखी चुकली म्हणजे कुणीतरी तसं शिकवलंय. बाईंनी शिक्षकांच्या खोलीतच तो तास लावून पाहिला. पडद्यावर त्या स्वतः उभ्या होत्या. फळ्यावर एक लहान फरशी काढली, शेजारी मोठी काढली, आणि ठणकावून म्हणाल्या, “बाजू दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट.” आणि लगेच, श्वासही न घेता, “चला, पुढचं गणित.”

खऱ्या तासात या दोन वाक्यांच्या मध्ये बरंच काही घडलं होतं. तीन पोरं एकदम उठली होती. एकानं मोठ्या फरशीच्या पोटात लहान फरश्या बसवून दाखवल्या होत्या, त्या चार भरल्या होत्या, दुसऱ्यानं ते न मानता त्या पुन्हा मोजल्या होत्या, आणि शेवटी सगळा वर्ग ‘चौपट’ म्हणून ओरडला होता. तेवढा वेळ बाई नियमानं गप्प होत्या. माईक बाईंच्या गळ्याशी. प्रोग्रामला ऐकू आली ती शांतता आणि लांबचा कालवा. त्यानं ते स्वच्छ करून टाकलं. एका तासात नाही, प्रत्येक तासात. चूक ठेवली, दुरुस्ती फेकली.

घरी येऊन बाईंनी पर्स ठेवायच्या आधी जावेला गाठलं, ते हे भांडण.

“माझं ‘दुप्पट’ ठेवलंस आणि पोरांचं ‘चौपट’ उकिरड्यावर टाकलंस.”

“पोरांचा आवाज माईकमध्ये येतच नाही, ताई. नुसता गोंगाट येतो. मी म्हटलं, गोंगाट जाऊ दे.”

“तो गोंगाट म्हणजेच तास!”

“मग हे मला आधी सांगायचं. तुम्ही मुद्दाम चुका करता हे मला काय माहीत?”

“सगळी शाळा मला काय म्हणते, ते तुझ्या कानावर नाही आलं?”

“आलंय. मला वाटलं, खरंच होत असतील चुका. घरात कसं विचारणार? घरी तर तुमची कधी चूक नसतेच.”

थोरलीला हसू आलं होतं, असं धाकटी सांगते. थोरली म्हणते, मुळीच नाही.

“एक तास तरी तू पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलास का?”

“कधी बघू? दिवसभर माझे तास, शाळेतला प्रत्येक प्रिंटर माझ्याच नावानं ओरडतो, घरी आले की हे कापाकापीचं. प्रोग्राम होता म्हणून निभलं. तुम्ही बोलायचं थांबता, हेच मुळात मला नवीन आहे.”

आता मात्र थोरली हसली, यावर दोघी सहमत आहेत.

“बरं, ऐका,” धाकटी नरमली. “एक छोटा व्हिडिओ करू. ‘मुलांनो, फरशीच्या गणितात दुप्पट नाही, चौपट.’ उद्याच्या उद्या पाठवते.”

“म्हणजे आधी मी दुप्पट म्हटलं, त्यांनी दुप्पट लिहिलं. आता चौपट म्हणेन, चौपट लिहितील. मी दहापट म्हटलं तर?”

“मग काय करणार आहात?”

“जाणार आहे तिथे.”

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची असते. दुपारच्या बसनं दोघी निघाल्या. धाकटीला कुणी बोलावलं नव्हतं. “प्रोजेक्टर अडला तर तुम्हाला जमणार नाही,” म्हणून ती आपली आपणच येऊन बसली, तीही खिडकीच्या जागेवर.

वसाहतीतली शाळा म्हणजे कारखान्याच्या भिंतीला लागून एक लांबट इमारत. सातवीच्या वर्गात खिडक्यांना काळे कागद लावलेले, पडदा नीट दिसावा म्हणून. शिक्षकांच्या खुर्चीवर शाळेची शिपाई मावशी बसली होती, हातात रिमोट. वर्षाच्या सुरुवातीपासून गणिताचा तास तिनंच लावला आणि तिनंच बंद केला होता.

बाई आत आल्या तशी पोरं एकदम चूप झाली. मग मागून एक आवाज आला, “अय्या, या बुटक्या आहेत!”

“पडदा मोठा आहे, बाळा,” बाई म्हणाल्या. “मी आहे एवढीच आहे.”

त्यांनी काळे कागद बाजूला करायला लावले आणि फळा मागितला. फळा पडद्याच्या मागे होता. पडदा गुंडाळल्यावर त्यावर जुन्या शिक्षकांचं अर्धं राहिलेलं एक गणित निघालं. बाईंनी ते पुसलं, एक लहान फरशी काढली, एक मोठी काढली.

“क्षेत्रफळ किती पट?”

“दुप्पट!” सगळा वर्ग, अगदी तालात.

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच!”

बाई गप्प राहिल्या. खिडकीशी जाऊन हाताची घडी घातली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मावशीनं सवयीनं रिमोट उचलला आणि पुन्हा ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. धाकटी सांगते, “मला तर वाटलं, ताईंना बरं वाटत नाहीये. शेवटी मीच पाणी द्यायला उठणार होते.”

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. लांब हात, तोकड्या बाह्या. फळ्यापाशी गेली, मोठ्या फरशीत एक उभी रेघ मारली, एक आडवी मारली आणि खडू ठेवून दिला. चार लहान फरश्या.

“हे तुला आत्ता सुचलं?” बाईंनी विचारलं.

“नाही. तेव्हाच.”

“तेव्हाच म्हणजे?”

“तुमचा तास लागला होता तेव्हा. घरी आमच्या फरश्या मोजून बघितल्या.”

“मग सांगितलं का नाहीस?”

मुलगी गोंधळली. पडद्याच्या गुंडाळीकडे बघितलं, मग मावशीकडे. “कुणाला?”

मावशी चटकन म्हणाली, “मला म्हणाली होती, बाई. मी म्हटलं, त्या एवढ्या शिकलेल्या, तू गुमान बस.”

“आणि सहामाहीत? तुझंही उत्तर दुप्पटच आहे.”

“आधी चौपट दाबलं होतं,” मुलगी म्हणाली. “मग बदललं. मार्क तर तुम्हीच देणार ना.”

बाईंनी खडू उचलून मुलीच्या हातात परत दिला आणि वर्गाकडे वळल्या. “मी रोज एक चूक करते,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम. पकडण्यासाठी. ती पकडलेली तुम्हाला दिसली नाही, कारण…”

“कारण मी कापली,” धाकटी मागून म्हणाली. पोरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“रोज एक?” एका पोरानं विचारलं. “म्हणजे सगळ्या तासांत?”

“सगळ्या.”

मग जो कल्ला उठला! कुणी म्हणे फसवलं, कुणी म्हणे मला माहीतच होतं, आणि तेवढ्यात कुणीतरी पडदा खाली ओढला. “मावशी, पहिला तास लावा! पहिल्यापासून!” मावशीनं लावला. पडद्यावरच्या बाई बोलायला लागल्या, आणि खऱ्या बाई पोरांमध्ये बाकावर बसून स्वतःला बघत होत्या. थोड्या वेळानं तिघी-चौघी ओरडल्या, “थांबवा! मागे घ्या!” मावशीनं मागे घेतलं. तीही आता पुढे सरकून बसली होती. “हातचा राहिला की हो!” हे मावशीच म्हणाली. तिला पोरांनी फळ्याशी पाठवलं. ती काही केल्या जाईना, मग खडू घेऊन पदर सावरत गेली.

परतीच्या बसमध्ये धाकटी मोबाईलवर कसले तरी माईक बघत होती.

सोमवारी मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. माणूस वाईट नाही. शाळेच्या गळक्या छतापासून दोन्ही शाळांच्या वेळापत्रकापर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर, आणि आवाज कायम थकलेला.

“वसाहतीतून एका पालकाचा फोन होता,” ते म्हणाले. “शाळेचा पडदा पोरांना चुकीचं शिकवतो म्हणाले. मी काय सांगू?”

“खरं आहे म्हणून सांगा,” बाई म्हणाल्या.

“बाई, थट्टा पुरे. फळ्यावरची चूक डस्टरनं जाते. पडद्यावरची राहते. उद्या एखादं आजारी पोर घरी एकटंच बसून हा तास बघेल. तिथे कोण पकडणार?”

बाईंनी मान हलवली. “याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन दिवस शोधतेय.”

“माझ्याकडे आहे. रिकाम्या वर्गात सरळ धडे रेकॉर्ड करा. चूक नको, पोरं नकोत, गोंगाट नको.”

“आणि माझी सातवी?”

“तिथला कॅमेरा चालूच राहील. तिथेही तसंच. सरळ शिकवायचं.”

“आणि नाहीच जमलं मला?”

मुख्याध्यापकांनी समोरचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. “मग कॅमेरा काढू. वसाहतीला विकतचे तयार धडे लावू. चांगले आहेत. यात एक कोल्हा शिकवतो.”

पडद्यावर चष्मा लावलेला कोल्हा अपूर्णांकांवरून उड्या मारत होता.

“कोल्हा चुकतो का?” बाईंनी विचारलं.

“कधीच नाही.”

“मग त्याच्याशी बोलायचं काय?”

“बोलायचं नाही, बाई. बघायचं.”

इतका वेळ धाकटी दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि टेबलावर दोन माईक ठेवले. “सर, मी तो प्रोग्राम काढून टाकलाय,” ती म्हणाली. “यापुढे तास मी स्वतः बघून कापणार. आणि हा दुसरा माईक फळ्यापाशी लावायचा. पोरांचं बोलणं यात येईल. चूकही राहील, पकडलेलीही राहील.”

“तुम्ही सगळे तास स्वतः बघणार? वेळ आहे तुम्हाला?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “प्रिंटर थांबतील.”

“आणि जी चूक वर्गात कुणी पकडलीच नाही, ती? ती तशीच जाणार वसाहतीत?”

धाकटीनं थोरलीकडे बघितलं. हे तिला सुचलं नव्हतं.

“तिथली ती लांब हातांची पोरगी आहे,” बाई सावकाश म्हणाल्या. “मावशी आहे.”

“मावशी शिपाई आहे, बाई!”

बाहेर घंटा झाली. पहिला तास, सातवी. व्हरांड्यातून पोरांचे पाय धावत गेले.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मी एवढी वर्षं तुमच्या तासात कधी ढवळाढवळ केली नाही,” ते म्हणाले. “आताही करायची नाही. पण दोन शाळांची पोरं आहेत. म्हणून एकच विचारतो, आणि हो किंवा नाही एवढंच सांगा. कॅमेऱ्यासमोर यापुढे चूक करणार नाही ना?”

बाईंनी एक माईक उचलून गळ्याशी लावला. दुसरा हातात घेतला, त्याची वायर नीट गुंडाळली. पर्समधून खडू काढला.

“बाई, मी काही विचारलं.”

त्या दार उघडून सातवीच्या दिशेनं चालू लागल्या.